शिरीषाची आळंबी

करवत्या वर आणि बायको खाली, अशी त्यांच्या कामाची वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून होती. खड्ड्यावर आडव्या तुळया, तुळयांवर ओंडका, ओंडक्यावर पाय रोवून तो. खाली खड्ड्यात ती, मान वर करून, माडीवरून कुणी हाक मारल्यासारखी. मोठी करवत वर ओढायची त्यानं, खाली ओढायची तिनं. करवत कापते ती खाली येताना. म्हणून कापायचं बळ तिचं, आणि भुसाही तिचाच. तो केसांत शिरायचा, पापण्यांवर बसायचा, घामाबरोबर गळ्यावरून खाली ओघळायचा. आंब्याचा भुसा गोडसर, चिंचेचा आंबूस, कडुनिंबाचा घोटभर पाण्यालाही कडू करणारा. झाडं तिला जिभेवर ओळखू यायची.

अलीकडे तिला खोकला लागला होता. उबळ आली की ती करवत नुसती धरून ठेवी आणि वर तो थांबे. हाक मारायची गरज नसे. मारली असती तरी लाकडाच्या त्या घरघरीत त्याला ती ऐकू गेली नसती.

त्या घरात झाकून ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती, त्याचे कान. गावं त्याला सोनकान्या म्हणत. उभ्या झाडाला कुऱ्हाडीची पाठ मारायची आणि आत काय आहे ते सांगायचं, ही त्याची विद्या. भरीव झाड वाजतं. किडलेलं झाड नुसतं ठोका गिळतं. ज्याला झाड घ्यायचं तो आधी सोनकान्याला नेई, कारण व्यवहाराचा नियम पक्का होता: पहिला घाव पडला की झाड घेणाऱ्याचं, मग आत गाभा निघो नाहीतर माती. एका तापात मात्र त्याच्या कानांतला बारीक नाद गेला. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं कळे, मोटारीचा भोंगा कळे, पण लाकडाचा आतला सूर गेला तो गेलाच. लोकांना वाटे, हाक मारली तरी बघत नाही, चढलाय. तो तसंच वाटू देई.

तेव्हापासून ऐकायची ती. झाडाचा घेर मोजायला म्हणून दोघं खोडाभोवती दोरी घेत. एक टोक त्याच्या डाव्या हातात, दुसरं पलीकडे तिच्या मुठीत. तो ठोका मारी. ती मोजमाप वाचण्यासाठी वाकल्यासारखी गाल सालीला टेकवी. भरीव वाजलं की दोरी ताठ धरी, पोकळ वाजलं की सैल सोडी. मग तो मान हलवून, घसा खाकरून, चारचौघांत निकाल सांगे. इतकी वर्षं ती दोरी एकदाही चुकली नव्हती.

त्या साली पाणी लवकर आटलं. कुणी घर बांधेना, कुणी झाड तोडेना. जे तोडत ते लाकूड सरळ वखारीत नेत. तिथं यंत्राची करवत आली होती. खड्ड्यात पालापाचोळा साचला. अशात एका दुपारी वखारवाला स्वतः मोटारसायकलवरून आला, खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला.

“काय रे सोनकान्या, खड्डा बुजवायला काढला का?”

“बुजवून जाऊ कुठं?”

“माझ्याकडे ये. यंत्राला दात आहेत, कान नाहीत. परवा एवढा ओंडका आणला, चिरला तर आत मुंग्यांचं लग्न चाललेलं! तू ओट्यावर खुर्ची टाकून बसायचं. माल आला की ठोकायचं, हो नाहीतर नाही म्हणायचं. मागं खोली आहे राहायला.”

“हिचं काय?”

“दोरी धरायला लागतेच ना तुला? तीही येऊ दे.” वखारवाला हसला. “पण आधी एक झाड दाखव. मोठं, एकसंध, माझ्या भागीदारांनी बघत राहावं असं. तेवढं साधलं की खुर्ची तुझी.”

ती खड्ड्यात पाचोळा भरता भरता ऐकत होती. खुर्ची, खोली हे शब्द तिच्यापर्यंत आले आणि पहिल्यांदाच वरून भुशाऐवजी काही चांगलं पडतंय असं तिला वाटलं. संध्याकाळी तिनं खोली झाडता झाडता विचारलं, “अहो, वखारीतल्या खोलीला खिडकी असेल का हो?”

“तुला खिडकी कशाला?”

“खोकायला.”

तो हसला. तिच्या पाठीवर चिकटलेला भुसा त्यानं हातानं झटकला. बऱ्याच दिवसांनी झटकला.

दुसऱ्याच दिवशी तिचा धाकटा भाऊ आला. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला तिनंच कडेवर वाढवलं. अजूनही तो दारातून आत यायच्या आधी ‘ताई’ म्हणून ओरडायचा आणि तिच्या हातातलं काम खाली पडायचं.

“ताई, दाजींना झाड पाहिजे म्हणे. माझा शिरीष आहे की! बांधावरचा. दोघांच्या कवेत मावत नाही.”

“तो बाबांनी लावलेला?”

“हो. वखारवाल्याशी बोललोय मी. त्याच्याकडे जुनं इंजिन पडलंय पाणी उपसायचं. झाड द्यायचं, इंजिन घ्यायचं. मिरचीची रोपं माना टाकतायत गं. नदी लांब. ओढ्यात डबकं आहे अजून, पण कावडीनं किती आणणार?” तो दाजींकडे वळला, तोंड समोर धरून मोठ्यानं बोलला, कारण दाजी चढलेत, एरवी लक्ष देत नाहीत, असंच त्यालाही वाटत होतं. “दाजी, तेवढं तुमचं हो आलं की झालं!”

“झाड काय बोलतं ते बघू,” करवत्या म्हणाला.

शिरीष खरंच देखणा होता. गावाकडून येताना आधी तोच दिसायचा, मग घर. वाळलेल्या शेंगा फांद्यांवर लोंबत होत्या आणि वारा आला की त्या सगळ्या एकदम खुळखुळत. करवत्याला त्या नुसत्या हलताना दिसत. वखारवाला मोटारसायकल लावून सावलीत उभा राहिला. “वा! झाड म्हणावं तर याला!”

ती दोरी उलगडत खोडाच्या पलीकडे गेली आणि तिथंच थबकली.

बुंध्यावर ओली माती लिंपलेली होती. एक लिंपण गुडघ्याशी, एक त्याच्यावर, आणखी दोन मुळाच्या बेचक्यात. एका लिंपणाच्या कडेला पांढरी, चामड्यासारखी पट्टी उरली होती. तिनं नखानं माती उकरली. खाली आळंबी छाटल्याचा घाव होता. ही मऊ छत्रीची, सकाळी उगवून संध्याकाळी मिटणारी आळंबी नव्हे. ही खोडातून फळीसारखी बाहेर येणारी, वरून तपकिरी, खालून पांढरी, लाकडासारखीच कडक. ती बाहेर दिसते तेव्हा आतलं जेवण कधीच उरकत आलेलं असतं. भावानं कोयत्यानं छाटून माती थापली होती. पण एक गोष्ट त्याला छाटता आली नव्हती. बुंध्याशी उगवलेल्या गवताच्या पात्यांवर, दगडांवर, कोळ्याच्या जाळ्यावर बारीक तपकिरी पूड बसली होती, कुणाच्या हातून तपकिरीची डबी सांडावी तशी. आळंबी आपली पूड अशी सांडते. तिनं एक पातं बोटांत धरलं. बोट रंगलं.

तिनं वर बघितलं. भाऊ तिच्याकडेच बघत होता.

तो पुढे आला, दोरी सोडवायला मदत केल्यासारखा वाकला. “ताई,” तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, “खालीच आहे गं थोडं. वरती चांगलं आहे झाड.”

“तू बघितलंस?”

“वर पालवी बघ ना!”

वाकल्यामुळे त्याच्या सदऱ्याचा गळा सुटला होता. कावडीच्या दांड्यानं दोन्ही खांद्यांची साल निघाली होती. एका ठिकाणी कापड जखमेला चिकटून वाळलं होतं. मागं बांधावर भावजय रिकामे डबे घेऊन उभी होती. तिच्याही खांद्यावर चिंधीची गादी होती. तिनं नणंदेकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“चला, आटपा!” वखारवाला ओरडला. “झाडाचं लगीन लावताय का?”

करवत्यानं दोरीचं टोक धरलं आणि कुऱ्हाड फिरवून पाठ पुढे केली. तिनं गाल सालीला टेकवला.

पहिला ठोका बुंध्याशी. झाडानं तो गिळला. ओल्या गोणीवर बुक्की मारावी तसा आवाज, तोही लांबून आल्यासारखा. तिची बोटं सैल पडू लागली. तेवढ्यात भावाचे पाय तिला दिसले, भेगाळलेले, ओढ्याचा चिखल वाळून पांढरे झालेले. हे पाय तिनं परातीत धुतले होते, तेव्हा ते तिच्या तळहातात मावत. एवढंसं तर बुंध्याशी गेलंय, तिनं स्वतःला सांगितलं. खालचा तुकडा फेकून देता येतो. वर भरीव असेल. वरचा ठोका पडला. तो बरा वाजला, किंवा तिला तसा ऐकायचा होता. तिसरा पडला.

तिनं दोरी ताठ धरली. ठोकागणिक ताठ, शेवटपर्यंत ताठ, इतकी की मुठीत वळ उठला.

करवत्यानं घसा खाकरला. “ठणठणीत,” तो म्हणाला. “घंटेसारखं.”

“ठरलं तर!” वखारवाल्यानं टाळी वाजवली. त्याच संध्याकाळी इंजिन बैलगाडीत घालून भावानं घरी नेलं.

झाड पाडायला सुरुवात झाली त्या सकाळी वखारवाल्यानं दोन भागीदार आणले होते. शेजारचे शेतकरी जमले. करवत्यानं पडायच्या बाजूला कुऱ्हाडीनं खाच घेतली. बाहेरचं लाकूड कठीण होतं. ढलप्या लालसर उडाल्या. भागीदारानं एक उचलून हुंगली. मग दोघं नवराबायको समोरासमोर गुडघे टेकून बसले आणि आडवी करवत लावली.

थोडा वेळ ती ओळखीच्या आवाजात चालली. मग एकदम हलकी झाली.

करवत्याला कान नव्हते, पण हात होते. त्याला तळव्यात कळलं की दातांना पलीकडून कुणी अडवत नाही. एवढ्या मोठ्या झाडात करवत साबणातून जावी तशी जात होती. त्यानं ओढणं थांबवलं. चिरेतून भुसा बाहेर आला होता. कोरडा, लाल नव्हता. पांढरा, ओला, शिजवून गार झालेल्या भातासारखा गोळे होणारा. त्याला बंद तळघराचा वास येत होता. त्यानं तो मुठीत घेतला, पिळला. बोटांमधून पाणी आलं.

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं खाली बघितलं.

“काय झालं रे?” वखारवाला.

करवत्या उत्तर देणार, तोच झाडच बोललं. पाचर ठोकायच्या आधी, दोर ओढायच्या आधी, कडेचं कठीण लाकूड तडतडत तुटलं. “सरका! सरका!” माणसं पळाली. शिरीष वाकडा पडला, बांधावर आपटला आणि मधोमध फाटला. शेंगा चोहीकडे उडाल्या. धूळ खाली बसली तेव्हा सगळ्यांना दिसलं. कडेला हाताच्या रुंदीचं चांगलं लाकूड, आणि आत, बुंध्यापासून पहिल्या बेचक्यापर्यंत, पांढरा दोरा दोरा सुटलेला कापूस. वरही काही उरलं नव्हतं. भावानं सांगितलं होतं ते ‘वर’ कुठंच नव्हतं.

भागीदारानं छत्रीचं टोक आत खुपसलं. ते मुठीपर्यंत गेलं.

“घंटेसारखं!” दुसरा भागीदार म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. वखारवाला मात्र हसला नाही. तो करवत्यासमोर उभा राहिला. “मला एवढंच सांग. काय ऐकलंस तू?”

करवत्याच्या हातात अजून तो पिळलेला भुसा होता. बायको पोकळ म्हणाली नाही, असं तो सांगू शकत होता. पण मग बायको कशाला सांगत होती, हेही सांगावं लागलं असतं.

“मला भरीव वाटलं,” तो म्हणाला.

आता भाऊ पुढे झाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. इंजिन परत मागतील ही भीती. ती झाकायला त्यानं हाताला आलं ते उचललं. “मी कशाला बोलू, घरचा माणूस आहे,” तो लोकांकडे बघत म्हणाला, “पण दाजींचे कान उतरलेत हल्ली. हाक मारली तरी ऐकू येत नाही त्यांना. मला वाटलं, वखारवाल्यांनी बघूनच घेतलं असेल.”

“सोनकान्या कुठला, बिनकान्या!” गर्दीतून कुणी म्हणालं.

ती उठली. गुडघ्यांना चिखल होता, डोक्याचं फडकं सुटलं होतं. तिच्या तोंडून शब्द निघाले ते खोकल्यासारखे, आवरता न येता.

“त्यांचा दोष नाही. ऐकते मी. सगळी झाडं मीच ऐकते. हे झाड पोकळ आहे ते मला कळलं होतं. मीच भरीव म्हणून सांगितलं.”

भावाचा चेहरा उतरला. मग वखारवाला मोठ्यानं हसला आणि त्याच्या मागोमाग बाकीचे.

“बघा! बायको असावी तर अशी. नवऱ्याची अब्रू जाताना बघवली नाही बिचारीला.”

“अहो, खरं सांगते…”

“राहू दे बाई. माझी बायको असती तर पहिला दगड तिनंच घातला असता डोक्यात!” पुन्हा हशा. एका म्हाताऱ्यानं तर कौतुकानं तिला हात जोडले. वखारवाल्यानं मोटारसायकलला लाथ मारली आणि जाता जाता सांगितलं, “व्यवहार तो व्यवहार. इंजिन गेलं ते गेलं. तू मात्र वखारीकडे फिरकू नकोस. आणि हे मढं इथून हलवून दे, तेवढं तरी कर.”

करवत्याला दुरूनचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. पण ओठ त्यानं सगळ्यांचे वाचले होते. तिचेही.

मढं हलवायला त्यांना बरेच दिवस लागले. तुकडे करायचे, बैलगाडीत भरायचे, नदीकाठच्या घळीत टाकायचे. जाळायलाही ते लाकूड कामाचं नव्हतं. चुलीत घातलं की नुसतं धुमसायचं, फुसफुसायचं. दोघं समोरासमोर करवत धरून बसत. बांधापलीकडे इंजिनाची ठकठक चालू असे. मिरचीच्या रोपांत पाणी पळत होतं. भाऊ दिवसभर शेतात असे, पण त्या बाजूला पाठ करून. भावजय एकदा तांब्या घेऊन आली, बांधावर ठेवून न बोलता गेली. करवत्या त्यातलं पाणी प्यायला नाही.

शेवटच्या तुकड्यापाशी तो पहिल्यांदा बोलला.

“तुला कळलं होतं.”

तिनं तोंड त्याच्यासमोर धरलं. “खाली कळलं होतं. मला वाटलं, वर बरं असेल.”

“वाटलं.”

“त्याचे खांदे बघितले असते तुम्ही तर…”

“माझे कान बघितलेस तू?” तो मोठ्यानं म्हणाला. हल्ली त्याला स्वतःचा आवाजही नीट मोजता येत नसे. शेतातला भाऊ वळून बघू लागला. “माझ्याजवळ दुसरं काय होतं? तू कापताना चुकली असतीस तर नवी फळी काढली असती. हात तुटला असता तर एका हातानं ओढलं असतं. कान मात्र मी तुझ्याकडे ठेवायला दिले होते.”

तिला खोकल्याची उबळ आली. तिनं करवत धरून ठेवली. तो थांबला, नेहमीसारखा थांबला, उबळ सरेपर्यंत. पण बघत होता करवतीच्या दातांकडे.

खड्ड्यावरचं काम मग पुरतं बंद पडलं. रस्त्यावर मुलं ‘घंटेसारखं!’ म्हणून पळत आणि करवत्याला ते कधी दिसे, कधी दिसत नसे. त्याला दिसलं नाही की तिला बरं वाटे. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एक माणूस दारात उभा राहिला. तो नावाडी होता, पलीकडच्या काठचा. त्याला इकडची बातमी उशिरा पोचत असावी, किंवा पोचूनही जुन्या ओळखीवर त्याचा विश्वास असावा.

“नाव जुनी झाली,” तो म्हणाला. “तळाला लांब फळ्या पाहिजेत. काठावर एक जांभळाचं झाड ठरवलंय. तुम्ही एकदा ठोकून सांगा, तुमच्याच खड्ड्यावर कापू. यंत्रवाले एवढ्या लांब फळ्या काढत नाहीत.”

तिनं पटकन दोरी घेतली. करवत्यानं तिच्या हातातून ती काढली, खुंटीला लावली, आणि एकटाच कुऱ्हाड घेऊन निघाला. ती मागून गेली. त्यानं थांब म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

जांभळाचं झाड नदीच्या अगदी काठाला उभं होतं. काळपट, सरळ, एकाही खाचेशिवाय. बुंध्याशी गवत स्वच्छ हिरवं होतं. तिनं पात्यांवरून बोट फिरवलं. बोटाला नुसतं दव लागलं. करवत्यानं नावाड्याला मागं सरायला सांगितलं, कुऱ्हाड उलटी केली आणि ठोका मारला.

झाड वाजलं.

असं वाजणारं झाड तिनं फार थोड्या वेळा ऐकलं होतं. मुळापासून वर गेला तो सूर, फांदीफांदीत शिरला आणि पाण्यावरून परत आला. पलीकडे बसलेला बगळा उडाला. तिच्या अंगावर काटा आला. ही फळी पाणी पिणार नाही, वाकणार नाही, नावाड्याच्या नातवापर्यंत टिकेल. या एका झाडानं खड्डा पुन्हा चालू होईल, सोनकान्याचं गेलेलं नाव परत येईल. तिनं घाईघाईनं पुढे होऊन मान हलवली, हातानं खूण केली. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्यानं दुसरा ठोका मारला, मग कान सालीला लावला आणि बराच वेळ तसाच राहिला, डोळे मिटून. पण त्याच्यापर्यंत काहीच आलं नाही. त्याच्या लेखी याही झाडानं ठोका गिळला.

मग तो सरळ झाला.

“पोकळ,” तो म्हणाला.

“पोकळ?” नावाडी गोंधळला. “पण आवाज तर…”

“पोकळ आहे म्हटलं ना. याला हात लावू नका.”

“अहो, भरीव आहे!” ती ओरडली. “भरीव आहे हो! असं झाड मिळणार नाही. माझं ऐका, एवढं एकदा ऐका!”

तिनं त्याचा दंड धरला, त्याला आपल्या तोंडाकडे वळवायला. त्यानं डोळे मिटून घेतले. लहान मूल औषध नको म्हणून ओठ घट्ट मिटतं तसे घट्ट.

नावाड्यानं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. “आधी घरात ठरवा बाबांनो,” तो कसनुसं हसत म्हणाला. “मला नदीवर माणसं न्यायची असतात.” आणि आखूड तर आखूड फळ्या, म्हणून वखारीच्या वाटेला लागला.

तिनं दंड सोडला. करवत्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि डोळे उघडले, पण नदीच्या बाजूला. त्यानंतर कुणी चुकूनमाकून विचारलं, कुठलंही झाड दाखवलं, तर तो ठोका मारायचा, थोडा वेळ थांबायचा आणि पोकळ म्हणायचा. मग कुणी विचारेनासं झालं.